टॉकीजच्या माळ्यावरच्या अडीच पेट्या

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. राजकारण नाहीये यात, पण गावाचा विषय आहे आणि दिवस कमी उरलेत.

गेल्या गुरुवारी रात्री साडेनऊला फोन आला. आपल्या बंद पडलेल्या टॉकीजचे जुने ऑपरेटर काका. (नाव लिहू नको म्हणालेत, म्हणून लिहीत नाही. चाळिशीपुढच्यांना कळलंच असेल.) म्हणाले, "काय रे पत्रकार, पुढच्या आठवड्यात पत्रे उतरवणार आहेत. वरच्या खोलीत पेट्या पडल्यात. बघायच्या तर ये, नाहीतर भंगारवाला बघंल."

मी शुक्रवारी सकाळी सातला तिथे होतो. एवढ्या लवकर मी कुठल्या मंत्र्याच्या दौऱ्यालाही जात नाही. कारण सांगतो.

2009 मध्ये आपल्या गावातली पहिली टॉकीज बंद झाली, तेव्हा मी तीन कॉलमी बातमी केली होती. मथळा दिला होता 'पडद्यावर पडदा'. फार खूश होतो मी त्या मथळ्यावर. बातमीबरोबर फोटोही मीच काढला होता: समोर कुलूप लावलेलं गेट, बाजूला उभा टेम्पो. तीन-चार वर्षांपूर्वी हार्डडिस्क साफ करताना तो फोटो मोठा करून बघितला. टेम्पोत रद्दीचे गठ्ठे आहेत आणि एका गठ्ठ्यातून रंगीत कागदाचा कोपरा बाहेर आलाय. त्यावर दादा कोंडके यांची नाडी लोंबतेय. म्हणजे पस्तीस-चाळीस वर्षांची पोस्टर्स माझ्या डोळ्यासमोरून किलोच्या भावानं गेली आणि मी गेटवरच्या कुलपाचा फोटो काढत होतो. पत्रकारितेचा डिप्लोमा भिंतीवर टांगलेला आहे माझा, पण गठ्ठ्यात काय आहे हे विचारायचं सुचलं नाही.

तेव्हापासून हा नाद लागला. पोस्टर, गाण्यांच्या चोपड्या, शोकेसमधले फोटोसेट, हँडबिलं, जे मिळेल ते. बायको म्हणते घराचं गोदाम केलंस. खोटं नाही.

आता तुम्ही म्हणाल, जुन्या सिनेमाच्या जाहिरातीत एवढं काय आहे? सिनेमा तर यूट्यूबवर आहे. तर मंडळी, सगळा सिनेमा यूट्यूबवर नाही, आणि जो कुठेच उरलेला नाही त्याचं हे कागदच तेवढे शिल्लक आहेत.

'आलमआरा' घ्या. भारताचा पहिला बोलपट, 14 मार्च 1931 ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. आज त्याची एकही प्रत कुठे सापडत नाही. उरलेत ते फोटो आणि जाहिरातीचं साहित्य. मूकपटांचं तर विचारूच नका. आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले असं धरतात, त्यातले तीसेक उरलेत आणि त्यातलेही बरेचसे तुकड्यांत. जुनी फिल्म नायट्रेटची, भसकन पेट घेणारी. काही जळाली, काही सडली, काही तिच्यावरची चांदी काढण्यासाठी विकली गेली. 2003 च्या जानेवारीत पुण्यात, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागली, त्यातही नायट्रेटची जुनी रिळं गेली. भट्टीत जाऊन चांदी देणारी वस्तू लोकांनी भट्टीत घातली. कागदातून चांदी निघत नव्हती म्हणून थोडाफार कागद तरी वाचला, एवढंच.

ही जाहिरात पहिल्यापासून आपल्याच मातीतली आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला गिरगावात कोरोनेशनला लागला. तेव्हा लोकांना नाटकाची सवय. रात्र रात्र चालणारं नाटक सोडून दीड-दोन तासांच्या हलत्या चित्रांना पैसे कोण देणार? फाळक्यांनी जाहिरातीत सांगितलं की यात 57 हजार छायाचित्रं आहेत, चित्राची लांबी दोन मैल आहे आणि हे सगळं तीन आण्यांत. लोक आले! वजन-मापात सांगितलं की आपल्या माणसाला पटतं, हे त्या माणसानं शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

पण ती जाहिरात शब्दांची. चित्राचं पोस्टर ही गोष्ट खऱ्या अर्थानं कोल्हापूरची. बाबूराव मेस्त्री, म्हणजे आपले बाबूराव पेंटर. नाटकाचे पडदे रंगवणारा माणूस. आधी चुलतभाऊ आनंदरावांबरोबर कॅमेरा बनवायची खटपट, मग तानीबाई कागलकर या गायिकेच्या पैशाच्या पाठबळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी, आणि 1920 मध्ये 'सैरंध्री'. टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं ते याच चित्रपटावरून. पडदे रंगवणाऱ्या हाताला सिनेमाची जाहिरात नुसत्या अक्षरांत करणं कसं पटणार? त्यांनी चित्र असलेली पोस्टर्स काढली, सिनेमाची माहिती देणाऱ्या पुस्तिका काढल्या. आज आपल्या देशातलं शिल्लक असलेलं सगळ्यात जुनं चित्र-पोस्टर म्हणून ज्याचं नाव घेतात ते 1924 चं, 'कल्याण खजिना'चं. शिवाजी महाराज आणि कल्याणच्या सुभेदाराची सून ही कथा, सिनेमा बाबूरावांचाच. म्हणजे या सगळ्या नादाचा पहिला कागद आपल्या पंचगंगेकाठचा आहे. कोल्हापूरकरांनी यावर कॉलर टाईट करायला हरकत नाही, तसंही त्यांना निमित्त लागत नाही.

याच तालमीतून दामले आणि फत्तेलाल बाहेर पडले, शांताराम बापू बाहेर पडले, 1929 ला 'प्रभात' काढली. फत्तेलाल, म्हणजे साहेबमामा, मुळात चित्रकार. म्हणून प्रभातच्या जाहिरातीत एक नीटनेटकेपणा दिसतो.

आणि जी. कांबळे! सरकारी कचेरीत शिवाजी महाराजांचं जे अधिकृत चित्र टांगलेलं असतं ते कुणाचं, हे मी गेल्या महिन्यात तहसीलमध्ये तीन जणांना विचारलं. एकालाही सांगता आलं नाही. ते कोल्हापूरच्या जी. कांबळे यांचं. हा माणूस आयुष्यभर सिनेमाची पोस्टरं आणि बॅनर रंगवत आला. भालजींकडे काम केलं, शांतारामबापूंकडे केलं, 'मुघल-ए-आझम'च्या जाहिरातीची भव्य चित्रं केली. एम. एफ. हुसेन यांनीसुद्धा उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवले, आणि गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित तर सिनेमाच्या शोकार्डापासून देवादिकांच्या कॅलेंडरपर्यंत सगळं करून गेले. पण हुसेन यांचं नाव बोर्ड सोडल्यावर झालं. बोर्डावरच राहिलेल्या शेकडो पेंटरांचं काय? पोस्टरच्या कोपऱ्यात बारीक सही असते, कधी नुसतं स्टुडिओचं नाव असतं. पोस्टर गेलं की सही गेली, सहीबरोबर माणूस गेला.

आता आपल्या गावाकडे येतो.

शुक्रवारी काकांबरोबर लोखंडी जिन्यानं वर गेलो. प्रोजेक्टरच्या खोलीमागे एक खोली आहे, तिथे तीन पत्र्याच्या पेट्या. एकीत निम्म्याहून जास्त वाळवीची माती, म्हणून मी अडीच म्हणतो. काका एकेक उघडत गेले आणि मला व्यवहार समजावत गेले. यातलं बरंचसं मला इतकी वर्षं नाद करूनही माहीत नव्हतं.

डिस्ट्रिब्युटरकडून रिळांची पेटी एस.टी.नं यायची. सोबत पोस्टरचा गठ्ठा आणि फोटोसेट. फोटोसेट शोकेसला टाचण्यांनी लावायचा आणि सिनेमा उतरला की मोजून परत करायचा, एक फोटो कमी भरला तर मालकाच्या शिव्या. पोस्टर मात्र परत जायचं नाही. मैद्याची खळ करायची, त्यात उंदीर-किड्यांसाठी चिमूटभर मोरचूद, आणि पहाटे बादली-ब्रश घेऊन सायकलवरून निघायचं. बाजारपेठ, स्टँड, पाण्याची टाकी, शुक्रवारच्या बाजाराची वेस. पुढच्या गुरुवारी त्यावर दुसरं. म्हणून जुनं पोस्टर दुर्मीळ. हजारो छापली, पण ती भिंतीवर मरण्यासाठीच छापलेली. जे चिकटवायचं राहिलं, ज्या आठवड्यात पाऊस पडला, ज्या आठवड्यात पोस्टर लावणारा पोरगा आजारी होता, तेवढंच आज पेटीत आहे. आपल्याला जे मिळतं तो म्हणजे कुणाचा तरी चुकलेला खाडा!

काकांनी त्यांच्या परीनं हिशेब ठेवला होता. प्रत्येक उरलेल्या पोस्टरच्या खाली छापील पट्टी चिकटवलेली: टॉकीजचं नाव, 'रोज 3 खेळ', कुठल्या शुक्रवारपासून. 'जय संतोषी माँ'च्या पट्टीवर 'स्त्रियांसाठी दुपारचा खास खेळ' असं आहे. मुंबईत तो 1975 चा. आपल्याकडच्या पट्टीवर तारीख आहे त्याच्या पुढच्या वर्षीच्या श्रावणातली. काका म्हणाले, "बायका चपला बाहेर काढून आत यायच्या. आरतीला नाणी टाकायच्या पडद्याकडं. आम्ही खेळ संपल्यावर खुर्च्यांखालून वेचायचो." ही गोष्ट कुठल्या गॅझेटियरमध्ये आहे, सांगा बरं? नगरपालिकेच्या कुठल्या दप्तरात आहे? त्या पट्टीवर आहे.

'सांगत्ये ऐका'चं एक पोस्टर निघालं. घडीवर फाटलेलं, पण जयश्री गडकर शाबूत. पुण्यात विजयानंदला हा सिनेमा 131 आठवडे चालला होता, 1959 चा. काकांची पट्टी मात्र सत्तरच्या दशकातली, म्हणजे पुन्हा लागला तेव्हाची. संग्राहकांच्या भाषेत ही 'री-रिलीज', हिला भाव कमी. मला विचाराल तर भाव गेला खड्ड्यात. वीस वर्षांनी पुन्हा लागला आणि तरीही चालला, ही बातमी त्या पट्टीनंच दिली ना?

दुसऱ्या पेटीत गाण्यांच्या चोपड्या. आठवतात? मध्यंतरात विकायला यायच्या. आत नटांची नावं, थोडक्यात कथा आणि सगळी गाणी. कथा ऐन रंगात आली की 'पुढे काय होते ते पडद्यावर पहा'! या चोपड्यांना आपण कधी किंमत दिली नाही. पण कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी हिंदी चित्रपटगीतांचा जो कोश केला, दशकादशकाचे जाडजूड खंड, त्यामागे अशा हजारो चोपड्या तपासण्याचं काम आहे. गाणं कुणी लिहिलं, कुणाचं नाव तबकडीवर आलंच नाही, ही भांडणं त्या चोपडीवरून मिटतात. आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर, ज्यांनी 'प्रभात'पासून फाळक्यांपर्यंत काय काय वाचवलं, त्यांची सुरुवात कुठून? लहानपणी सिनेमाची फाटलेली तिकिटं आणि वजनकाट्यातून पडणारी नटांच्या फोटोची कार्डं जमवण्यातून. म्हणजे घरातल्या पोरानं असलं काही जमवलं तर लगेच फेकू नका.

मी जमवायचो ते फिल्मचे तुकडे. ऑपरेटरच्या खिडकीखाली कचऱ्यात पडलेले. पाणी भरलेला बल्ब आणि आरसा लावून भिंतीवर धर्मेंद्र पाडायचो, उलटा. त्या खिडकीतून तुकडे टाकणारे हेच काका, हे मला शुक्रवारी कळलं. मुद्दाम टाकायचे म्हणे, खाली पोरं असतात म्हणून.

आता थोडं कडू. या नादात फसवणूक भरपूर आहे, मीही फसलोय. दोन वर्षांपूर्वी एका वेबसाइटवरून 'सोंगाड्या'चं (1971) 'ओरिजिनल' पोस्टर 2,200 रुपयांना मागवलं. दिसायला झकास. घडीच्या रेषा, कोपऱ्यात पिवळेपणा, सगळं जिथल्या तिथं. मग सहज बोट फिरवलं तर कागद गुळगुळीत! घडीच्या रेषासुद्धा छापलेल्या होत्या. कुणीतरी खऱ्या पोस्टरचा स्कॅन काढून नव्या कागदावर मारलेला. तेव्हापासून मी आधी बोट फिरवतो, मग भिंग काढतो, मग माप घेतो. आपल्याकडचं नेहमीचं एका शीटचं पोस्टर साधारण 30 बाय 40 इंचांचं. त्याहून लहान, चकचकीत आणि जाड कागदावरचं असेल तर दुकानातली सजावट समजा. जुन्या दगडी छपाईतला रंग भिंगाखाली खडूसारखा रवाळ दिसतो, ऑफसेटला ओळीनं ठिपके दिसतात. पण सत्तरच्या दशकातली खरी पोस्टर्सही ऑफसेटचीच असतात, त्यामुळे नुसत्या ठिपक्यांवरून निकाल देऊ नका.

आणि हात जोडून सांगतो, लॅमिनेशन करू नका. सेलोटेप लावू नका. तो डिंक पिवळा पडून आरपार उतरतो आणि मग काढताही येत नाही. रबर लावून गुंडाळूही नका. सपाट ठेवा, मध्ये साधा पांढरा सुती कपडा घाला, भिंतीपासून आणि जमिनीपासून लांब ठेवा. मागे खळ लागलेली असेल तर कसर हमखास येते, तेव्हा वर्षातून दोनदा उघडून बघा. फोटो काढायला उन्हात नेऊ नका, सावलीत काढा.

तर शुक्रवारी हे सगळं बघून खाली आलो. काकांनी चहा सांगितला. मग हळूच म्हणाले, मुंबईचा एक माणूस येऊन गेलाय. अडीच पेट्यांचे, न बघता, चाळीस हजार देतो म्हणतोय. मी गप्प. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय, टॉकीज बंद झाल्यावर त्यांना मालकाकडून काय मिळालं हे गावाला माहीत आहे. पेट्या कायद्यानं कुणाच्या, मालकाच्या की काकांच्या, हाही प्रश्न आहेच. मालक म्हणाले, "त्यानंच सांभाळल्यात, त्यालाच दिल्या." हे मी दोन लोकांसमोर वदवून घेतलंय, बातमीदाराची सवय.

काकांना विकू नका म्हणायचा अधिकार मला नाही. मी त्यांना तसं म्हटलंही नाही. मुंबईचा तो माणूस चोर आहे असंही माझं म्हणणं नाही. अशा डीलर लोकांनी घेतलं नसतं तर देशभरातला कितीतरी माल लगद्यात गेला असता. पण ते त्यातलं चार-पाच पोस्टर्सचं सोनं काढणार, बाकीचं सुटं करून विकणार, आणि खालच्या पट्ट्या? त्या पाण्यात भिजवून काढून टाकतात. पोस्टर 'स्वच्छ' दिसलं की भाव वाढतो. म्हणजे आपल्या गावाचं नाव काढून टाकलं की किंमत वाढते! मला झोप नाही आली त्या रात्री.

मग मी शनिवारी नगर वाचनालयात गेलो. वरच्या मजल्यावरची मागची खोली रिकामी आहे, फुटक्या खुर्च्या ठेवलेत तिथे. अध्यक्ष म्हणाले, दोन लोखंडी कपाटं देतो, पैसे नाहीत. ठीक आहे, कपाटं तर कपाटं. काकांशी पुन्हा बोललो. ते म्हणाले, चाळीस नको, पंचवीस द्या, डोळ्याचं भागतं. वर म्हणाले, "पण मला हवं तेव्हा बघायला मिळालं पाहिजे. ऑपरेशन झाल्यावर नीट दिसंल." हे मी वाचनालयाकडून लिहून घेतलंय.

पंचवीसपैकी सहा हजार माझे आणि माझ्या बॅचच्या चार मित्रांचे जमलेत. एकोणीस उरले. देणगीची पावती वाचनालय देईल, माझ्या खात्यावर एक रुपयाही पाठवू नका, मी घेणार नाही. मुंबईच्या माणसाला काकांनी येत्या गुरुवारपर्यंत थांबवलंय.

दुसरी विनंती पैशाची नाही. रविवारी सकाळी दहा ते एक मी वाचनालयाच्या पायरीवर कॅमेरा आणि पांढरी चादर घेऊन बसतोय. कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या किराणा दुकानाच्या फळीवर अंथरलेलं असं काही असेल तर घेऊन या. आजीनं जपलेली चोपडी, वहीला घातलेलं पोस्टरचं कव्हर, तिकिटाचा तुकडा, काहीही. मी फोटो काढतो, वस्तू तुम्ही लगेच परत घेऊन जा. मागे कुठल्या टॉकीजला, साधारण कधी आणि कुणाबरोबर बघितला ते एका ओळीत सांगा, मी लिहून घेईन. तमाशाच्या तंबूतल्या टुरिंग टॉकीजचं कुणाकडे काही निघालं तर आधी फोन करा, मी घरी येतो.

काकाही येणार आहेत रविवारी. काळा चष्मा लावून येतो म्हणालेत, डोळ्यामुळे. 2009 च्या त्या टेम्पोचा नंबर फोटोत अर्धा दिसतोय. तो कुणाचा होता हे कुणाला आठवत असेल तर इनबॉक्स करा. गठ्ठे कुठल्या गोदामात उतरले एवढंच विचारायचंय.